फौजीची आठवण, गावाच्या तोंडून

दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या रानात पहाटेच माणसं जमतात. १९४३ साली याच तारखेला, उजाडता उजाडता, आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारी ही माणसं कर्जत-मुरबाडच्या डोंगरात आसपासच्या वाड्यापाड्यांच्या आधारावर राहत होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २५ एप्रिलला लोक असेच अंधारात स्मारकांपाशी उभे राहतात, कारण १९१५ साली त्यांचे सैनिक गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर पहाटेच उतरले होते. तिथे अनेक ठिकाणी एखाद्या जुन्या सैनिकाचं पत्र किंवा डायरीतलं पान वाचून दाखवतात. आपल्याकडच्या स्मरणसभांत ती जागा बहुतेक वेळा भाषणाने घेतलेली असते.

भाषण जरूर व्हावं. पण पाहुण्याच्या भाषणातून सैनिकाबद्दल पाहुण्याला काय वाटतं ते कळतं, सैनिकाने काय पाहिलं ते कळत नाही. तो मात्र पहिल्या रांगेत शाल पांघरून, हातात नारळ घेऊन बसलेला असतो आणि कार्यक्रम संपला की घरी जातो. त्याची आठवण त्याच्याच शब्दांत गावासमोर वाचली जावी, आणि तेवढ्या वेळापुरती ती सभा त्याची व्हावी, यासाठी हा लेख आहे. कसारा, खर्डी, डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई, सरळगाव इकडच्या शाळा, ग्रामपंचायती, भजनी मंडळं, तरुण मंडळं यांतल्या कुणालाही हे जमण्यासारखं आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही, वेळ मात्र द्यावा लागतो.

आपला भाग फौजींचा म्हणून ओळखला जात नाही, आणि म्हणूनच इथे हे काम जास्त गरजेचं आहे. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे तर ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान गेले. तशा गावात दोन म्हातारे पारावर बसले तरी पलटणीच्या गोष्टी निघतात आणि पोरांच्या कानावर पडत राहतात. शहापूर-मुरबाडकडे एखाद्या पाड्यात एकच माणूस फौजेतून निवृत्त होऊन आलेला असतो. त्याच्या बोलण्यातली पोस्ट, लंगर, बडाखाना, रेल्वे वॉरंट शेजाऱ्याला कळत नाही, म्हणून तो हळूहळू बोलायचंच सोडतो. १९७१च्या लढाईत विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. १९६२ किंवा १९६५ पाहिलेला कुणी गावात असेल तर तो ऐंशीच्या आसपास किंवा त्याही पुढे आहे. पुढच्या वर्षी बघू म्हणणं इथे परवडणारं नाही.

विचारायला जाताना

कुणाकडे जायचं ते ग्रामपंचायतीत किंवा पोस्टात सहज कळतं. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही निरोप ठेवता येतो. शोधताना फक्त लढलेल्यांची यादी करू नका. फौजेत स्वयंपाकी, ड्रायव्हर, सफाईवाले, सिग्नलवाले, दवाखान्यातले नर्सिंग असिस्टंट हेही असतात, आणि ‘आम्ही काय सांगणार, आम्ही कुठे लढलो’ असं म्हणणाऱ्या या माणसांकडे पुष्कळदा सगळ्यांत स्वच्छ आठवणी असतात. वीरपत्नी आणि वीरमाता यांच्याकडेही जा. तार कुणी आणली, कुणी वाचून दाखवली, त्या वेळी चुलीवर काय होतं, हे फक्त त्याच सांगू शकतात. काश्मीरमध्ये १९९५ साली हुतात्मा झालेले कॅप्टन विनायक गोरे यांच्या आई अनुराधा गोरे कितीतरी वर्षं व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून सैनिकांविषयी मुलांशी बोलत आल्या आहेत. शिकल्यासवरलेल्या वीरमातेला व्यासपीठ मिळतं. पाड्यावरच्या आईकडे आपल्याला चालत जावं लागेल.

पहिल्या खेपेला मोबाइल खिशातच ठेवा. चहा घ्या, कशासाठी आलात ते सांगा, हे गावासमोर वाचलं जाणार आहे हे आधीच स्पष्ट करा आणि उठा. त्यांना विचार करायला चार दिवस द्या. दुसऱ्या खेपेला ध्वनिमुद्रण करा. मोबाइल विमान मोडवर टाकून, दुमडलेल्या टॉवेलवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा आणि टीव्ही बंद करायला घरच्यांना विनंती करा. कसाऱ्यात रुळांजवळचं घर असेल तर गाडी जाईपर्यंत थांबा. ‘काका, गाडी जाऊ दे’ म्हटलं की तेही हसून थांबतात. सुरुवातीला त्यांच्याच तोंडून नाव, गाव, पलटण आणि नोकरीची वर्षं म्हणवून घ्या.

हे नाव-गाव म्हणवून घेणं का महत्त्वाचं, ते बर्लिनच्या एका संग्रहातून कळतं. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेले हिंदी सैनिक बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या छावणीत ठेवले होते. विल्हेल्म डोगेन यांच्या पुढाकाराने १९१५ ते १९१८ या काळात तिथे या कैद्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून घेतले गेले. उतरवणाऱ्यांना हवे होते भाषांचे नमुने. कुणी गाणं म्हटलं, कुणी गोष्ट सांगितली. मल्ल सिंग नावाच्या सैनिकाने ११ डिसेंबर १९१६ रोजी स्वतःचीच कहाणी ‘एक माणूस होता’ अशा रीतीने सांगितली, घरचं लोणी आठवून. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पण ती माणसं गावी परतली का, त्यांच्या घरच्यांनी तो आवाज कधी ऐकला का, याची विचारपूस व्हायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. आपण ध्वनिमुद्रण करतो ते माणसासाठी, हे पहिल्या मिनिटापासून दिसलं पाहिजे.

प्रश्न विचारताना मोठ्या शब्दांपासून लांब राहा. ‘देशासाठी लढताना काय वाटलं?’ असं विचारलं की समोरचा माणूस पाहुण्यासारखा बोलायला लागतो. ‘शत्रूचे किती मारले?’ हा प्रश्न तर कुणीही, कधीही विचारू नये. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आधीच बजावून ठेवा. वस्तू आणि वेळ विचारा. घरातून निघताना काळ्या ट्रंकेत काय भरलं? सोडायला स्टेशनपर्यंत कोण आलं? पहिला पगार किती, मनिऑर्डर किती रुपयांची? ‘५६ एपीओ’ लिहिलेलं इनलँड घरी पोचायला किती दिवस लागायचे, आणि घरून आलेलं पत्र कोण वाचून दाखवायचं? थंडीत पाणी कसं प्यायचात? मुरलीकांत पेटकर यांनी १९६५च्या लढाईतल्या आपल्या जखमांविषयी मुलाखतींत सांगताना एक गोष्ट सांगितली आहे: शिट्टी वाजली, जवानांना वाटलं चहाची वेळ झाली, आणि तो हवाई हल्ला होता. पुढे १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं ते जगाला माहीत आहे. पण त्या चहाच्या शिट्टीमुळे ती दुपार आपल्याला दिसते. अशी शिट्टी प्रत्येकाच्या आठवणीत कुठेतरी असते, आणि ती बाहेर यायला वाट पाहावी लागते.

ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प राहा. पुढचा प्रश्न लगेच टाकू नका. डोळे भरून आले, हात थरथरायला लागले, तर ध्वनिमुद्रण थांबवा आणि पुन्हा सुरू करायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या. घरातलं एखादं माणूस जवळ असू द्या. अशा बोलण्यानंतर रात्री झोप लागत नाही, हे कितीतरी फौजींच्या घरचे सांगतात. म्हणून संध्याकाळी उशिरा बसू नका आणि दुसऱ्या दिवशी सहज विचारपूस करून या. जे हल्लीच निवृत्त झाले आहेत त्यांना ठाणी, संख्या, हत्यारं यांविषयी खोदून विचारू नका. काय सांगायचं आणि काय नाही याची शिस्त त्यांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

कागदावर उतरवताना

सगळ्यांत जास्त बिघाड इथे होतो. समजा, मुरबाडकडच्या एका माजी हवालदारांनी असं सांगितलं:

‘मे महिन्यात सुट्टीवर आलो व्हतो. नव्व्याण्णव साल. तार आली, लगेच निघा. कल्याणला गाडी पकडली. कसाऱ्याला गाडी उभी राहिली, मागून बँकर लावतात ना, तवा. मंग काय झालं, खिडकीतून एक बाई बोलली, दादा करवंदं घे. दोन द्रोण घेतले. मंग काय झालं, गाडी सुटली, गर्दी, मी एक द्रोण तसाच वर्दीच्या खिशात… वर्दी नाय, शर्ट व्हता. शर्टाच्या खिशात ठेवला. जम्मूला उतरलो तवा खिसा जांभळा. तो शर्ट मी वर नेला. धुतला नाय.’

हे घेऊन एखादे सर बसले तर कागदावर बहुधा असं उतरेल: ‘मातृभूमीच्या हाकेला ओ देत, डोळ्यांतले अश्रू लपवत हा वीर जवान रणांगणाकडे निघाला.’ हेतू चांगलाच असतो. पण करवंदं गेली, कसारा गेलं, मागचं बँकर इंजिन गेलं, ती बाई गेली, आणि न धुतलेला शर्टही गेला. उरलेलं वाक्य देशातल्या कुठल्याही जवानाला लावता येईल. कसाऱ्याच्या फलाटावर ज्यांनी स्वतः करवंदं विकली आहेत त्या बाया समोर बसलेल्या असताना असं वाक्य वाचणं म्हणजे त्यांच्या हातून ती गोष्ट काढून घेणं.

म्हणून नियम असा ठेवा की कापता येईल, घालता येणार नाही. वरच्या उताऱ्यात दोनदा आलेलं ‘मंग काय झालं’ कापायला हरकत नाही. कानाला ते अडखळतं आणि अर्थात भर घालत नाही. ‘वर्दी नाय, शर्ट व्हता’ ही स्वतःची दुरुस्ती मात्र मी मुळीच कापणार नाही. माणूस खरं आठवायचा प्रयत्न करतोय, हे ऐकणाऱ्याला त्या एका दुरुस्तीतून कळतं. प्रसंगांचा क्रम बदलला तर ऐकायला सोपं जाणार असेल तर बदला, पण त्यांना विचारून. ‘व्हतो’चं ‘होतो’ करू नका. कुणबी, आगरी, ठाकरी, कातकरी, ज्या बोलीत सांगितलं त्या बोलीत ठेवा. फौजेतलं हिंदी मध्ये आलं तर तेही राहू द्या. ‘साब बोले, हिलना नहीं’ याचं पुस्तकी मराठी करून काही साधत नाही. एखादा फौजी शब्द सभेला कळणार नाही असं वाटलं तर निवेदकाने तो आधीच एका वाक्यात सांगावा.

आठवण आणि इतिहासाचं पुस्तक यांचा मेळ बसेलच असं नाही. एखादे आजोबा सांगतील की ढाक्याची शरणागती डिसेंबरच्या सुरुवातीला झाली. ती झाली १६ डिसेंबर १९७१ रोजी, दुपारी साडेचारच्या सुमाराला. त्यांचं वाक्य दुरुस्त करू नका आणि सभेत त्यांना तोंडावर टोकूही नका. वाचनाआधी निवेदकाने लढाईची खरी तारीख सांगून टाकावी, म्हणजे मुलांच्या मनात चूक राहत नाही आणि आजोबांचा मानही राहतो. पण प्रसंग अविश्वसनीय वाटतो म्हणून तो गाळायचा, असं करू नका. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊंची कंपनी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली. त्यातून वाचलेल्या थोड्या जवानांनी परत येऊन जे सांगितलं त्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. पुढे, फेब्रुवारी १९६३ मध्ये, एका मेंढपाळाला खंदकांमध्ये गोठलेले देह सापडले, हत्यारं हातात तशीच. तेव्हा त्या जवानांचा शब्द खरा ठरला. ते मधले तीन महिने त्या माणसांनी कसे काढले असतील याचा विचार करा, आणि मग आपल्या गावच्या फौजीच्या सांगण्यावर लाल पेन चालवायचं का ते ठरवा.

लिहून झालं की पुन्हा त्यांच्या घरी जा आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवा. कागद नुसता हातात देऊ नका. चष्मा सापडत नाही, संकोच वाटतो, ‘बरं आहे’ म्हणून माणूस परत देतो. ऐकताना चेहरा बघा. कुठे अस्वस्थ झाले तर तिथे थांबून विचारा. एखाद्या सोबत्याचं नाव आलं असेल आणि तो गेला असेल, तर त्याच्या घरच्यांना हे पहिल्यांदाच सभेत ऐकायला लागू नये; त्यांना आधी विचारा किंवा नाव गाळा. शेवटी साध्या मराठीत एक संमतीपत्र करा: काय वाचलं जाईल, कुठे, कधी, नाव घ्यायचं की नाही, व्हिडिओ करायचा की नाही, तो व्हॉट्सॲपवर टाकायचा की नाही. प्रत्येक गोष्टीपुढे वेगळी सही किंवा अंगठा. आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीसुद्धा त्यांनी ‘नको’ म्हटलं तर वाचन होणार नाही, हे त्यांना आणि आयोजकांना दोघांनाही माहीत असावं.

वाचताना

आपल्याकडे अभिवाचनाची चांगली परंपरा आहे, आणि नेमकी तीच इथे हवी: समोर कागद, शांत उभा वाचक, आणि शब्दांना पुरेसा वेळ. तिच्याऐवजी शाळांत झटकन आठवतं ते एकपात्री. ‘मी अमुक बोलतोय’ म्हणत वेषभूषा करून उभं राहायची मुलांना सवय असते. एकपात्री हा मोठा कलाप्रकार आहे, पण त्यात नट दुसऱ्याच्या अंगात शिरतो. जिवंत माणूस समोर बसलेला असताना त्याच्या अंगात शिरायचं कारण नाही. वाचकाने सुरुवातीलाच सांगावं: ‘ही आठवण अमुक काकांची आहे. मी ती त्यांच्या परवानगीने वाचतेय.’ एवढ्याने सगळं ठीक जागी बसतं. लष्करी वर्दी मुळीच नको. वर्दी कमवावी लागते, आणि ती कमावलेला माणूस पहिल्या रांगेत असतो. बंदुकीचे आवाज, मागे वाजणारं करुण संगीत, पडद्यावर सिनेमातली दृश्यं, यांतलं काहीही लावू नका. पोवाडा ठेवायचा असेल तर वाचन संपल्यावर वेगळा ठेवा. अज्ञानदासाने अफझलखानवधाचा पोवाडा रचला तेव्हापासून शाहिराचं काम वेगळं आहे. तो वीराचं गुणगान करतो, आणि त्याला डफ-तुणतुण्याची साथ शोभते. आठवणीला ती साथ दिली की शब्द ऐकू येईनासे होतात.

वाचणार कोण? माझं मत असं की घरच्या माणसाने शक्यतो वाचू नये. नातवाचा गळा दाटून येतो, वाचन अर्ध्यावर थांबतं आणि सगळं लक्ष त्याच्याकडे जातं. त्याचाच आग्रह असेल तर दुसरा वाचक तोच कागद घेऊन शेजारी उभा ठेवा. भजनी मंडळातली किंवा सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणारी माणसं यासाठी उत्तम. त्यांना श्वास कुठे घ्यायचा ते कळतं आणि अनोळखी शब्दाला ती बिचकत नाहीत. पुरुषाची आठवण बाईने वाचली तरी काही बिघडत नाही, उलट पुष्कळदा ती जास्त लक्षपूर्वक ऐकली जाते. शाळेची मुलं असतील तर आठवी-नववीच्या पुढची घ्या, आणि मरणाचा प्रसंग लहान मुलाच्या तोंडी देऊ नका. ज्या बोलीत मजकूर आहे ती बोली घरात बोलणारा वाचक मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करून वाचलं तर सभेत हसू फुटतं आणि ज्याची आठवण आहे तो दुखावतो.

एका आठवणीला सहा-सात मिनिटं पुरेत. सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे सहाशे-सातशे शब्द. एका कार्यक्रमात तीनच आठवणी घ्या. चौथ्याला पुढच्या वर्षीचं निमंत्रण द्या आणि ते पाळा. मजकूर मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला छापा. पिना मारू नका, कारण माइकपाशी पान उलटल्याचा आवाज गोळी सुटल्यासारखा येतो. वाचून झालेलं पान खाली सरकवायचं. दोन वाक्यांमध्ये थांबायच्या जागी पेन्सिलीने खुणा करून ठेवा. तालीम किमान एकदा त्याच जागी, त्याच माइकवर करा. वीज जाणार हे गृहीत धरा; बॅटरीचा स्पीकर नसेल तर वाचकाला श्रोत्यांच्या मध्ये उभं करा आणि लोकांना गोल बसवा.

टाळ्यांचं आधीच सांगून ठेवा. निवेदकाने सुरुवातीला म्हणावं, ‘तिन्ही आठवणी संपेपर्यंत टाळ्या आणि घोषणा नकोत.’ लोक ऐकतात. ‘अमर रहे’ आणि ‘भारत माता की जय’ शेवटी मनापासून होऊ द्या. दोन मिनिटांचं मौन असेल तर घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं पाळा. आपल्याकडे ते बऱ्याचदा अर्ध्या मिनिटात आटपतं, आणि ज्यांच्या माणसासाठी ते पाळलं जातं त्यांना हे लगेच कळतं.

तारीख, जागा, पाऊस

दिवस निवडताना पंचांगासारखं शेतीचं आणि एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. २६ जुलै हा कारगिल विजय दिवस, पण त्या दिवसांत इकडे भाताची आवणी चालू असते आणि पाऊस ओतत असतो. पत्र्याच्या शेडखाली त्या पावसात माइक लावूनही वाचन ऐकू येत नाही. स्लॅबची खोली शोधा आणि कार्यक्रम अंधार पडल्यावर, माणसं शेतातून परत आल्यावर ठेवा. १६ डिसेंबरला हवा छान असते, भात घरात आलेलं असतं. पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, म्हणजे त्यांच्यातल्या कुणाची आठवण असेल तर ऐकायला त्याचेच लोक नसतात. त्यांच्यासाठी २६ जुलै बरा. डिसेंबरचा कार्यक्रम दुपारी साडेचारला सुरू केला तर ढाक्याच्या शरणागतीची वेळही साधते, शाळेची मुलंही थांबतात आणि शेवटच्या एसटीच्या आत सगळे घरी पोचतात. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस. १९५३ साली याच तारखेला जनरल करिअप्पा, पुढे फील्ड मार्शल झालेले, सेवानिवृत्त झाले होते. त्याच सुमाराला संक्रांत असते, लोक घरी असतात, तिळगूळ द्यायच्या निमित्ताने फौजीच्या अंगणातच बैठक करता येते. मला स्वतःला हा दिवस सगळ्यांत चांगला वाटतो. जागा म्हणून ग्रामपंचायतीसमोर २०२३ साली बसवलेला वीरांच्या नावांचा शिलाफलक असेल तर त्याच्यापुढे बसा. त्यावर कोरलेल्या नावांना त्या दिवशी आवाज मिळतो.

सिद्धगडची गोष्ट वेगळी आहे. १९४३चा प्रसंग पाहिलेली पिढी आता गेली. जे उरलं आहे ते ‘आमचे आजे सांगायचे’ या रूपात. तेही वाचावं, अवश्य वाचावं, पण कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी आधी सांगून: ‘माझ्या आजीने हे तिच्या बापाकडून ऐकलं, मी आजीकडून.’ भाई कोतवाल किंवा हिराजी पाटील यांच्या तोंडी ‘मी’ घालून कुणीही नवा मजकूर रचू नये. त्यांनी त्या पहाटे काय म्हटलं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि जे म्हटलं नाही ते त्यांच्या नावावर लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. आजे-पणजे रात्री कुणासाठी भाकऱ्या बांधत होते, गोळ्यांचा आवाज कुठल्या दिशेने आला, पोलिस गेल्यावर गावात कोण कुणाशी बोलेना, असं काही घराघरांत सांगितलं जात असेल तर तेच वाचा. जंगलात माइक लावू नका. जानेवारीतल्या त्या थंडीत बोटं आखडतात. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून न्या, कपाळाला बांधायची बॅटरी घ्या, आणि वाचन तीन मिनिटांच्या वर नको.

कार्यक्रम झाल्यावर त्याच दिवशी फौजीला घरी सोडायला दोघांनी जावं. रिकाम्या मैदानात त्यांना रिक्षाची वाट पाहायला लावू नका. आठवड्याच्या आत मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत पेनड्राइव्हवर आणि वाचलेल्या मजकुराची छापील प्रत त्यांच्या घरी पोचवा. संमती असेल तर एक प्रत शाळेच्या वाचनालयात ठेवा. वर नाव, गाव, पलटण, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि कुणी लिहून घेतलं ते लिहा. ज्यांनी हे काम केलं त्यांच्या मोबाइलमधल्या प्रती ठरल्याप्रमाणे पुसून टाका. पुढच्या वर्षी तीच आठवण पुन्हा वाचायची असेल तर पुन्हा विचारा, कारण वर्षभरात माणसाचं मन बदलतं. दरम्यान ते गेले असतील तर घरच्यांना विचारा, आणि निवेदकाने वाचनाआधी सांगावं की हे काका आता आपल्यात नाहीत, मागच्या वर्षी मात्र ते इथे बसून हे ऐकत होते.